आखडलेलें कोपर आणि शस्त्रक्रियेचें मोल

मनुष्याच्या हाताची थोरवी सर्वच गातात. बोटांचें कौशल्य, मुठीचें बळ, तळव्याचा स्पर्श ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु हा हात जेथें न्यावयाचा तेथें नेऊन पोंचविणारें जें कोपर, त्याची आठवण बहुधा कोणास होत नाहीं. होते ती तें आखडल्यावर. ताटांतला घास तोंडापर्यंत नेणें, केस विंचरणें, सदऱ्याची वरची गुंडी लावणें, फळीवरचा डबा काढणें, बसच्या दांड्याला धरून उभें राहणें, हीं सर्व कामें कोपराच्या वांकण्या-उलगडण्यावर अवलंबून असतात. मनगट आखडलें तर खांदा व कोपर मिळून कसेंबसें निभावून नेतात. खांदा थोडासा जखडला तर पाठीचा कणा आणि कोपर त्याची उणीव कांहीं अंशीं भरून काढतात. कोपर आखडलें म्हणजे मात्र त्याच्या मदतीस धांवून येणारा दुसरा सांधा शरीरांत नाहीं. बोटें कितीहि निरोगी असोत, हात तोंडापासून वीतभर दूर थांबतो आणि घास घेण्यासाठीं मानच खालीं आणावी लागते.

अशी स्थिति ओढवते ती पुष्कळदां एखाद्या साध्या अपघातानंतर. न्हाणीघरांत पाय घसरतो, जिन्याची पायरी चुकते, दुचाकी कलंडते, आणि पडतांना माणूस स्वभावतःच हात पुढें टेकतो. साऱ्या अंगाचा भार कोपरावर येतो. हाड मोडतें किंवा सांधा निखळतो. उपचार होतात, हाड जुळून येतें, क्ष-किरणांच्या चित्रांत सर्व ठाकठीक दिसतें; पण हात सरळ होत नाहीं आणि पुरता वांकतहि नाहीं. महिने जातात. मग घरांत एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं येतो : शस्त्रक्रिया करावी काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ठरविण्यापूर्वी शस्त्रक्रियेनें काय मिळतें हें जसें जाणून घ्यावयास हवें, तसेंच तिच्या मागोमाग कोणते उपद्रव येऊं शकतात व ते कां येतात, हेंहि समजून घेणें अगत्याचें आहे. ह्या उपद्रवांचा एक विशेष असा कीं, त्यांपैकीं कित्येक शस्त्रक्रिया फसल्यामुळें येत नाहींत. ती साधल्यामुळेंच येतात.

प्रथम मोजमापाचा विचार करावा. कोपर पूर्ण सरळ केलें म्हणजे त्या स्थितीस शून्य अंश म्हणतात. तेथून निरोगी कोपर सुमारें १४० अंशांपर्यंत वांकतें. ह्याशिवाय तळहात वर किंवा खालीं वळविण्याची फिरकीहि कोपरापासूनच सुरू होते. परंतु रोजच्या व्यवहारास एवढी सर्व हालचाल लागते काय? अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथील मॉरे, ॲस्क्यू व चाओ ह्या संशोधकांनीं ह्या प्रश्नाचा शोध घेतला आणि आपले निष्कर्ष १९८१ सालीं प्रसिद्ध केले. त्यांनीं ३३ निरोगी माणसांना नित्याचीं १५ कामें करावयास सांगून त्यांच्या कोपरांची हालचाल मोजली. बहुतेक कामें ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंतच्या टप्प्यांत पार पडतात आणि फिरकी दोन्ही बाजूंस ५० अंश असली कीं पुरते, असें त्यांस आढळलें. भ्रमणध्वनि कानाशीं धरण्यास ह्याहून थोडें अधिक वांकणें लागतें, असें पुढील काळांतील मोजणींत दिसून आलें. तरी शंभर अंशांचा हा ठोकताळा आजहि शस्त्रवैद्य उपयोगांत आणतात.

ह्या आंकड्यांचा अर्थ घरोघरीं नीट समजला पाहिजे. हात शेवटचे वीस-तीस अंश सरळ होत नाहीं, ही गोष्ट डोळ्यांस खुपते, पण कामास फारशी नडत नाहीं. उलट, हात नव्वद अंशांपलीकडे वांकत नसेल, तर दिसावयास तो अगदीं साधा दिसतो; परंतु जेवण, मुखमार्जन, केशरचना, चष्मा लावणें हीं सर्व कामें अडून बसतात. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करतांना ‘हात पहिल्यासारखा होईल काय?’ हा प्रश्न उपयोगाचा नाहीं. कोणत्या बाजूचे किती अंश कमी आहेत, त्यांवांचून कोणतें काम अडतें, आणि तें काम त्या माणसाच्या जीवनांत किती महत्त्वाचें आहे, हे खरे प्रश्न होत. भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्यास हात सरळ होण्याची जेवढी गरज, तेवढी मेजाशीं बसून लिहिणाऱ्या कारकुनास नसते.

आतां कोपरच इतकें लवकर कां आखडतें, तें पाहूं जातां त्याची रचना ध्यानांत घ्यावी लागते. बाहेरून एक दिसणाऱ्या ह्या सांध्यांत वस्तुतः तीन सांधे आहेत. दंडाचें एक हाड आणि त्याखालीं करंगळीच्या व आंगठ्याच्या बाजूचीं दोन हाडें, अशीं तीन हाडें तेथें भेटतात व तीं सर्व एकाच पातळ कोशांत गुंडाळलेलीं असतात. हाडांचे पृष्ठभाग एकमेकांत इतके घट्ट बसतात कीं, थोडीशी उंचसखल जागा झाली तरी हालचाल अडते. कोशाच्या पुढील अंगास दंडाचा एक मांसल स्नायु अगदीं चिकटून असतो. सांधा निखळतांना तोहि फाटतो व तेथें रक्त सांचतें. सुजलेल्या कोपरास सुमारें ८० अंशांवर वांकवून ठेवलें असतां कोशांत सर्वाधिक जागा होते आणि ताण कमी पडतो. म्हणून दुखावलेला माणूस हात नेमका तसाच धरून बसतो. वेदना शमविणारी ही स्थितिच पुढें घातक ठरते. हात आठवडेच्या आठवडे तसाच राहिला कीं कोश जाड होतो, आटतो, आणि त्यांत आकुंचन पावणाऱ्या पेशी वाढतात. आखडलेल्या कोपराच्या कोशांत निरोगी कोपराच्या निम्म्याहूनहि कमी द्रव मावतो, असें मोजून पाहिलेलें आहे.

ह्यांत आणखी एक भर पडते. कोपराभोवतीं, जेथें हाड असावयास नको अशा मऊ भागांत, नवें हाड तयार होण्याची प्रवृत्ति असते. डोक्यास मोठी इजा झालेल्या किंवा अंग भाजलेल्या रुग्णांत ती विशेष दिसते. दुखावलेलें कोपर जबरीनें ओढणें-ताणणें हेंहि तिचें एक कारण मानलें जातें. आपल्याकडे हात दुखावला कीं तेल लावून चोळणारा, झटका देऊन सरळ करणारा माणूस गांठण्याची चाल जुनी आहे. इतर ठिकाणीं चोळण्यानें क्षणभर बरें वाटत असेल. पण ताज्या दुखापतीच्या कोपरास चोळूं नये, हा नियम आपल्याकडील अस्थिवैद्यकाच्या विद्यार्थ्यांस आरंभींच शिकविला जातो. फाटलेला स्नायु चोळला कीं पुन्हां रक्तस्राव होतो, आणि हात मोकळा होण्याऐवजीं त्यांत हाडाचा अडसर उभा राहण्याचें भय वाढतें.

आखडलेल्या प्रत्येक कोपरावर शस्त्र चालवावें लागतें असें मात्र नाहीं. रुग्णानें स्वतःच्या बळानें केलेला नियमित व्यायाम, आणि हात हळूहळू ताणून धरणाऱ्या पट्ट्या, ह्यांनीं पुष्कळांना कामापुरती हालचाल परत मिळते. ह्या उपायांस साधारणतः सहा महिने अवधि देण्याची रीत आहे. दोष केवळ कोशाचा असेल तर ते चांगले लागू पडतात. सांध्याची कूर्चाच झिजली असेल, हाड वांकडें जुळलें असेल किंवा नव्या हाडाचा पूल बांधला गेला असेल, तर नुसत्या व्यायामानें काय होणार? भूल देऊन हात जबरीनें वांकविण्याचा एक मार्ग आहे. पण तो जपून योजावा लागतो. भुलेंत रुग्णास वेदना कळत नाहींत आणि रोखणारा कोणी नसतो. त्या भरांत हाड मोडूं शकतें, स्नायु फाटूं शकतो, मज्जातंतूस इजा होऊं शकते. सर्व उपाय थकले आणि अडलेलें काम महत्त्वाचें असलें, म्हणजेच शस्त्रक्रियेकडे वळावयाचें.

ही शस्त्रक्रिया दोन प्रकारें होते. पहिल्या प्रकारांत कोपराच्या बाहेरील, आंतील किंवा मागील अंगास छेद घेऊन जाड झालेला कोश कापून काढतात, सांध्यापुढील व मागील खळग्यांत वाढलेलें हाड खरवडतात आणि चिकटलेले स्नायु मोकळे करतात. दुसऱ्या प्रकारांत लहान छिद्रांतून दुर्बीण व बारीक हत्यारें आंत घालून हेंच काम केलें जातें. टेबलावर निजलेल्या रुग्णाचा जो हात वर्षभर हालला नव्हता, तो तासा-दोन तासांत वांकूं व उलगडूं लागतो. पाहणारास वाटावें कीं काम फत्ते झालें. वस्तुतः कसोटी येथूनच सुरू होते.

सर्वांत अधिक जपावें लागतें तें मज्जातंतूंस. कोपराच्या आंतल्या बाजूस, हाडाच्या उंचवट्यामागून, एक मज्जातंतु चामडीखालूनच खालीं उतरतो. कोपर कशावर आपटलें कीं करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती ह्याचीच. करंगळी व अर्धी अनामिका ह्यांची संवेदना आणि पंजांतील कित्येक बारीक स्नायूंचें बळ त्याच्या हवालीं असतें. कोपर वांकलें कीं हा तंतु ताणला जातो व ज्या बोगद्यांतून तो जातो तो अरुंद होतो. निरोगी माणसांत तंतु मागेंपुढें सरकत असल्यानें हें सहज सोसलें जातें. परंतु वर्षभर न वांकलेल्या कोपरांत तो भोवतालच्या व्रणांत चिकटून बसलेला व आखूड झालेला असतो. अशा स्थितींत शस्त्रवैद्यानें कोश कापून सांध्यास चाळीस-पन्नास अंश एकदम मिळवून दिले, तर सांधा वांकतो; पण तंतूस त्या वांकण्याची सवय राहिलेली नसते. तो ताणला जातो, चेपला जातो, आणि शस्त्र त्यास शिवलेंहि नसतां कांहीं दिवसांनीं वा आठवड्यांनीं करंगळी बधिर होऊं लागते. मिळालेली हालचालच येथें उपद्रवाचें कारण होते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कोपर ९० ते १०० अंशांपलीकडे वांकत नसेल, किंवा करंगळीस आधींपासूनच मुंग्या येत असतील, तर हा तंतु त्याच वेळीं मोकळा करावा, अथवा उंचवट्यामागून काढून पुढें आणून ठेवावा, असा पुष्कळ शस्त्रवैद्यांचा प्रघात आहे. तंतु हलविण्यानेंहि त्याचा रक्तपुरवठा दुखावण्याचा किंवा नवा व्रण बनण्याचा संभव राहतोच. पण न हलवितां हालचाल वाढविणें अधिक धोक्याचें ठरतें. कोपराच्या बाहेरील-पुढील भागांत दुसरा एक तंतु आंगठ्याच्या बाजूच्या हाडाला लगटून जातो. त्यास इजा झाली तर बोटें व आंगठा उचलतां येत नाहींत. हात सरळ झाला आणि बोटें लोंबकळलीं, असा सौदा कोणासच नको असतो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया लहान छेदांची, म्हणून निर्धोक, असा समज सुशिक्षित घरांतहि आढळतो. तो तपासून घेण्याजोगा आहे. दुर्बीण घालतांना सांध्यांत द्रव भरून कोश फुगवितात. कोश फुगला कीं पुढील तंतु हत्यारांपासून दूर सरकतात. परंतु आखडलेला कोश फुगतच नाहीं. त्यामुळें ज्याला ह्या शस्त्रक्रियेची गरज अधिक, त्याच्याच सांध्यांत हत्यार व तंतु ह्यांमधील अंतर कमी. मेयो क्लिनिकमधील केली, मॉरे व ओड्रिस्कॉल ह्यांनीं २००१ सालीं ४४९ रुग्णांवरील ४७३ दुर्बीण-शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. ह्या सर्वच कांहीं आखडलेल्या कोपरावरील नव्हत्या. त्यांत सांध्यांत पू होण्याचे ४ प्रकार घडले. लहान उपद्रव ५० शस्त्रक्रियांनंतर आढळले. १० रुग्णांत मिळून १२ वेळां मज्जातंतु तात्पुरते निकामी झाले. कायमची इजा एकाहि तंतूस झाली नाहीं. मात्र तंतु दुखावण्याचा धोका संधिवाताच्या व आखडलेल्या कोपरांत विशेष दिसला. असा निकाल अनुभवी हातांचा आहे, हेंहि विसरतां कामा नये.

दुसरा उपद्रव सांधा सैल पडण्याचा. कोपर दोन्ही बाजूंच्या मजबूत बंधांनीं जागेवर राहतें. कोश कापतांना हे बंध कोठें संपतात व कोश कोठें सुरू होतो, हें जुन्या व्रणांत ओळखणें कठीण असतें. बाहेरील बंधाचा मागील पदर कापला गेला तर हात मोकळा होतो खरा, पण खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठतांना कोपर निसटल्यासारखें वाटतें. ताठ कोपराचा माणूस बेतानें कां होईना भार उचलूं शकतो. निसटणाऱ्या कोपरावर विश्वासच टाकतां येत नाहीं. कित्येकदां सांधा पूर्ण मोकळा करण्यासाठीं बंधास हात घालणें अपरिहार्य होतें. अशा वेळीं तो पुन्हां बांधतात आणि तो जुळेपर्यंत कोपराबाहेर बिजागरीची चौकट बसवितात. तिच्या सळया हाडांत रोवलेल्या असतात. ह्या चौकटीमुळें सांधा जागेवर राहून हालत राहतो. पण प्रत्येक सळई चामडी भेदून जात असल्यामुळें तेथें पू होणें, सळई सैल होणें, क्वचित् हाड मोडणें असे उपद्रव वाढतात.

तिसरी अडचण हाडाची. काढून टाकलेलें अस्थानीं हाड पुन्हां वाढूं शकतें. पूर्वी हें हाड पुरतें पक्कें होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष थांबावें असा दंडक होता. हल्लीं सूज ओसरली व क्ष-किरणांच्या चित्रांत हाडाची कड स्पष्ट दिसूं लागली कीं, त्याहून बरेंच आधीं शस्त्रक्रिया करतात. कारण फार थांबल्यास कोश व कूर्चा दोन्ही बिघडतात. हाड पुन्हां वाढूं नये म्हणून इंडोमेथासिनसारखें औषध कांहीं आठवडे देतात किंवा एकदां किरणोपचार करतात. औषधानें जठरास व्रण पडण्याची व मूत्रपिंडास त्रास होण्याची भीति असते. किरणांची गोष्ट तर बोधप्रद आहे. कोपराचा ताजा अस्थिभंग झालेल्या रुग्णांस शस्त्रक्रियेनंतर किरण देऊन पाहण्याची एक चांचणी अमेरिकेंत झाली. तिचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. किरण दिलेल्या २१ रुग्णांपैकीं ८ जणांचीं हाडें जुळलींच नाहींत. न दिलेल्या २४ जणांत असें एकाचेंच झालें. चांचणी मध्येंच थांबवावी लागली. नको असलेलें हाड रोखणारा उपाय हवें असलेलें हाडहि रोखूं शकतो. म्हणून मोडलेलें हाड पक्कें जुळलें आहे कीं नाहीं, हें पाहूनच अशा उपायांचा विचार करावयाचा असतो.

चौथा उपद्रव जखमेचा. कोपरावरील चामडी पातळ. तिच्याखालीं मांसाचा थर जवळजवळ नाहीं. पहिल्या अपघाताच्या वेळीं तेथें एक-दोन छेद घेतलेले असले तर ती आणखीच दुबळी होते. आंत रक्त सांचून गांठ झाली, टांके उसवले किंवा जंतूंचा शिरकाव झाला, तर जखमेस विश्रांति द्यावी लागते. पण सांध्याची गरज नेमकी उलट. त्याला पहिल्या दिवसांपासून हालचाल हवी असते. जखम म्हणते थांबा, सांधा म्हणतो हलवा. ह्या दोहोंमध्यें तोल साधणें हें शस्त्रक्रियेइतकेंच कठीण काम आहे. हालविणें थांबलें कीं नवा व्रण सांध्याभोवतीं आपले धागे विणूं लागतो आणि हात पुन्हां आखडतो. सर्व उपद्रव टळले तरी हें पुन्हां आखडणें बाकी राहतें. कांहीं थोड्या रुग्णांत ह्याहून विचित्र प्रकार घडतो : सारा पंजा सुजतो, लाल वा निळसर होतो, घामेजतो, आणि नुसत्या वाऱ्याच्या झुळकेनेंहि आग होते. ही वेदना लवकर ओळखली गेली तर आवरतां येते. ‘सहन करा’ म्हणून दुर्लक्ष केलें तर महिनेच्या महिने छळते.

मग ह्या सर्वांचा जमाखर्च काय? छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनें सरासरी चाळीस-पन्नास अंश हालचाल वाढते, आणि साधारणतः चार-पांच रुग्णांत एकास लहान-मोठा कांहींतरी उपद्रव होतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत उपद्रवांचें प्रमाण कमी आढळतें, पण तिच्यासाठीं निवडलेलीं कोपरेंहि बहुधा कमी बिघडलेलीं असतात; दोन आंकड्यांची सरळ तुलना करणें न्याय्य होणार नाहीं. चार-पांचांत एक हें प्रमाण ऐकून घाबरून जाण्याचेंहि कारण नाहीं. त्यांतील पुष्कळ उपद्रव कांहीं आठवड्यांत निवळतात. मुंग्या थांबतात, जखम भरते. परंतु कांहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि थोड्यांना करंगळीचा बधिरपणा जन्मभर सोबत करतो. ज्याचें कोपर ९० अंशांवर अडकलें आहे, त्यास पन्नास अंशांच्या लाभापुढें हा धोका पत्करण्याजोगा वाटेल. ज्याचें कोपर ३० ते १३० अंश विनावेदना हालतें, त्यानें केवळ हात सरळ दिसावा म्हणून तो कां पत्करावा?

येथें घरच्या माणसांचें काम सुरू होतें. शस्त्रवैद्य तासा-दोन तासांत जें मिळवून देतो, तें टिकविण्यास तीन-चार महिने लागतात. पहिले कांहीं दिवस सुजेचे व वेदनेचे असतात. वेदना आवरण्याचीं औषधें वेळच्या वेळीं द्यावीं, हात उंच ठेवावा, आणि व्यायामोपचारकानें सांगितलेली हालचाल ठरलेल्या वेळीं रुग्णानें स्वतः करावी. दुसऱ्यानें धरून ओढूं नये. उत्साही भावानें किंवा कनवाळू आजीनें एकदां जोरानें ओढलेला हात आठवडाभर मागें जातो. मिळालेल्या अंशांची नोंद भिंतीवरील दिनदर्शिकेवर केली तरी पुरे. टेबलावर दिसलेल्या हालचालीपेक्षां पहिल्या आठवड्यांत कांहीं अंश कमी भरले तर तेवढ्यानें खचूं नये. रात्रीं पट्टी बांधावयास सांगितली असेल तर ती चुकवूं नये. हालचाल अनेक महिने वाढत राहते. अंतिम हिशेब बहुधा वर्षाअखेर मांडतात.

कांहीं लक्षणें मात्र दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावीं. करंगळी-अनामिकेस नव्यानें मुंग्या येणें किंवा त्या बधिर होणें, बोटें पसरतां न येणें, मनगट वा बोटें उचलतां न येणें, जखमेंतून पाणी वा पू येणें, ताप, कोपर निसटल्याची भावना, औषधासहि न जुमानणारी वाढती वेदना, हीं तीं लक्षणें होत. हात बधिर करणाऱ्या सुईचा अंमल कित्येक तास, आणि बारीक नळीनें औषध चालू ठेवल्यास कांहीं दिवसहि, टिकतो. त्या काळांत मज्जातंतूची तक्रार झांकली जाते. म्हणून सुईचा अंमल केव्हां उतरेल हें आधींच विचारून ठेवावें आणि तो उतरल्यावर पांचहि बोटांची हालचाल व स्पर्श पारखून पाहावा. करंगळीचा बधिरपणा ‘सुजेमुळें असेल’ असें म्हणून दोन आठवडे लोटले, तर सुटूं शकणारा तंतु कायमचा दुबळा होण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी कांहीं प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णास आहे. आज कोपर किती अंशांपासून किती अंशांपर्यंत हालतें? शस्त्रक्रियेनंतर किती हालावें अशी अपेक्षा आहे? दोष कोशांत आहे, कूर्चेंत आहे कीं हाडांत? करंगळीच्या तंतूचें काय करावयाचें ठरलें आहे? बंध कापावा लागण्याचा संभव किती? हाड पुन्हां वाढूं नये म्हणून कोणता उपाय योजणार व त्याचा धोका कोणता? पहिल्या सहा आठवड्यांचा व्यायाम कोण व कोठें शिकविणार? चांगला शस्त्रवैद्य ह्या प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याच्या मनांत हेच प्रश्न आधीं येऊन गेलेले असतात. उत्तरें एका कागदावर लिहून घ्यावीं. तसेंच रुग्णानेंहि स्वतःस विचारावें कीं, पुढील तीन महिने रोज अनेक वेळां दुखऱ्या हातानें व्यायाम करण्याची आपली तयारी आहे काय, आणि घरांतील व कचेरींतील कामांतून तेवढी सवड मिळेल काय? ती नसेल तर शस्त्रक्रिया कांहीं महिने पुढें ढकलतां येईल काय, हें डॉक्टरांशींच बोलून ठरवावें.

कोपराचीं हाडें, बंध, कोश आणि मज्जातंतु एका मुठीएवढ्या जागेंत दाटीनें राहतात. एकास सोडवूं गेल्यास दुसऱ्यास धक्का लागतो. म्हणून तेथें उतावळेपणास जागा नाहीं, मग तो चोळणाराचा असो, शस्त्रवैद्याचा असो वा रुग्णाचा असो. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच, हाड स्थिर असल्याची खात्री होतांच, हात हळूहळू हालूं लागला तर पुष्कळांवर शस्त्रक्रियेची पाळीच येत नाहीं. ती आलीच, तर काय मिळवावयाचें व त्यासाठीं काय पणास लावावयाचें, ह्याचा हिशेब आधीं मांडून मगच रुग्णानें टेबलावर जावें.